मांडीवरचा प्रवासी

महाराष्ट्रात बहुतेक बाळांचा गाडीतला पहिला प्रवास प्रसूतिगृह ते घर असा असतो आणि तो आईच्या नाहीतर आजीच्या मांडीवर होतो. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, काचा वर, एसी बंद, चालवणाऱ्याला "हळू घे रे, खड्डे सांभाळ" अशी ताकीद. काळजीत कसलीही कसर नसते. फक्त बाळ कशालाच बांधलेलं नसतं. पुढे ते मांडीवरून उतरून दोन सीटांच्या मधल्या जागेत उभं राहायला लागतं, मग बाबांच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरतं, त्याचा व्हिडिओ निघतो. अलीकडे तर सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर येऊन हायवेवर हात हलवतं. गाडीतल्या मुलांच्या सुरक्षेबद्दल आपल्याकडे जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात कायदा, किमती आणि गाड्यांचे स्टार यांचीच चर्चा असते. ती हवीच. पण या सगळ्याच्या मुळाशी मांडीवरचा आपला अढळ विश्वास आहे आणि तो हलल्याशिवाय बाकीचं काही जागचं हलणार नाही, असं मला वाटतं.

हा विश्वास भौतिकशास्त्राला मान्य नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी समोर आदळते तेव्हा साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात सगळं आटोपतं. गाडीचा पुढचा भाग चेपतो. तो चेपावा म्हणूनच तसा बनवलेला असतो, कारण त्यामुळे गाडीला थांबायला थोडं अंतर मिळतं. पट्ट्यानं गाडीला बांधलेल्या माणसालाही त्या अंतराचा फायदा होतो. न बांधलेला माणूस मात्र ५० च्याच वेगानं पुढे जात राहतो आणि डॅशबोर्डवर, काचेवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर काही सेंटिमीटरांत थांबतो. हे जवळजवळ दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं आहे. दहा किलोच्या मुलाला त्या क्षणी धरून ठेवायचं तर सरासरी हिशेबानंच १४० किलोंचा ओढा हातांवर येतो. टोकाच्या क्षणी त्याच्या दुप्पटही. एवढी ताकद कोणाच्या हातात नसते, आणि असली तरी ती लावायला वेळ मिळत नाही. त्यातून मांडी देणाऱ्या माणसानंच पट्टा लावलेला नसेल, तर साठ-सत्तर किलोंचं ते शरीर मुलावरच जाऊन आदळतं. एकच पट्टा दोघांना मिळून लावला तरी मूल पट्टा आणि मोठ्या माणसाचं अंग यांच्यामध्येच चेपलं जातं. समृद्धी महामार्गावर गाड्यांना ताशी १२० ची मुभा आहे. तिथे धडकेतली ऊर्जा ५० च्या मानानं पावणेसहा पट होते.

मांडीवरचा हा विश्वास काही खास भारतीय नाही. अमेरिकेत मुलांना गाडीत सीटमध्ये बसवण्याची सक्ती करणारा पहिला कायदा टेनेसी राज्यानं १९७७ साली केला आणि तो १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. त्यामागे रॉबर्ट सँडर्स नावाचे मर्फ्रीसबरोचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी आमदारांचे उंबरे झिजवून हे विधेयक पुढे रेटलं. विधेयक मंजूर झालं, पण त्यात एक फट ठेवूनच: मोठ्या माणसानं मूल हातात धरलं असेल तर सीट नसली तरी चालेल. आईच्या कुशीत बाळ सुरक्षित नाही असं कायद्यानं म्हणावं, हे तिथल्या आमदारांच्याही पचनी पडलं नव्हतं. मांडीवरच्या या जागेला सुरक्षातज्ज्ञ 'चाइल्ड क्रशर' म्हणत, आणि ते नाव क्रूर असलं तरी चुकीचं नव्हतं. ही सवलत रद्द व्हायला १९८१ साल उजाडलं. १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे आले होते. म्हणजे आज 'अमेरिकेत हॉस्पिटलवाले कार सीट पाहिल्याशिवाय बाळ घरी सोडत नाहीत' असं न्यू जर्सीहून परतलेले आजी-आजोबा कौतुकानं सांगतात, ती शिस्त तिथल्या मातीत उगवलेली नाही. ती एका पिढीत, भांडून आणलेली आहे.

त्याच्याही आधीचा धागा स्वीडनमध्ये सापडतो. १९३० च्या दशकात मुलांसाठी गाडीत अडकवायच्या खुर्च्या मिळत, पण त्यांचा हेतू पोराला बाहेरचं दिसावं आणि त्यानं इकडेतिकडे धावू नये एवढाच होता. १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तीन बिंदूंचा पट्टा आणला, तोही मोठ्यांसाठी. मुलांचा वेगळा विचार केला तो गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या बर्टिल आल्डमन यांनी. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार घेऊन कसे बसतात हे पाहून त्यांना कल्पना सुचली, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यात मागे तोंड असलेल्या मुलांच्या सीटचा पहिला नमुना तयार झाला.

मागे तोंड का, हे समजलं की पुढचे बरेच नियम पाठ करावे लागत नाहीत. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं. मोठ्या माणसात हे प्रमाण सात-आठांत एक असतं. मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात, त्यात कूर्चा असते. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं धड पट्ट्यांनी धरलं तरी ते जड डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. तोंड मागे असेल तर डोकं, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या कवचात दाबली जातात आणि भार वाटला जातो. म्हणून स्वीडिश मुलं साधारण चार वर्षांची होईपर्यंत उलटी बसतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ मध्ये किमान दोन वर्षांपर्यंत मागे तोंड ठेवा असं सांगितलं होतं. २०१८ मध्ये वयाची अट काढून, सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसेल तितके दिवस ठेवा, असं केलं. "त्याला बाहेरचं दिसत नाही, पाय दुमडतात" ही आपल्याकडची तक्रार तिथेही होतीच. पाय दुमडून बसणं मुलांना जड जात नाही, हे जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या समाजाला तरी वेगळं सांगायला नको.

मूल सीटमधून मोठं झालं की पुढचा टप्पा बूस्टरचा, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला की पालकांना वाटतं, झालं. पण त्या वयात कमरेचं हाड पट्टा अडवून धरण्याइतकं वाढलेलं नसतं. कमरेचा पट्टा सरकून पोटावर येतो आणि धडकेत यकृत, प्लीहा, आतडी आणि कण्याचा खालचा भाग दुखावतो. खांद्याचा पट्टा गळ्याला घासतो, म्हणून मूल तो काखेखालून घेतं किंवा पाठीमागे टाकतं. ते तर आणखी वाईट. बूस्टर म्हणजे फक्त मुलाला उंच करणारी बैठक. तिचं काम एवढंच की कमरेचा पट्टा मांड्यांवर आणि खांद्याचा खांद्याच्या मधोमध यावा. मोठ्यांचा पट्टा नीट बसायला सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटर उंची लागते आणि आपली मुलं तिथे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी पोचतात. जर्मनीत बारा वर्षं किंवा १५० सेंटिमीटर ही मर्यादा आहे, ब्रिटनमध्ये बारा वर्षं किंवा १३५.

सीटांचा उपयोग किती, याचे आकडे मुख्यतः अमेरिकेतले आहेत. तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या हिशेबानं मोटारींत सीटमुळे तान्ह्या बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी घटतो. पण या क्षेत्रात एक गाजलेला वादही झाला आणि तो लपवू नये. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी अमेरिकी अपघाती मृत्यूंच्या नोंदी तपासून असा दावा केला की दोन वर्षांवरच्या मुलांचे जीव वाचवण्यात साधा सीटबेल्ट महागड्या सीटइतकाच काम करतो. २००६ मध्ये फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी वेगळ्या पद्धतीनं हिशेब करून दाखवलं की दोन ते सहा वर्षांच्या मुलांत सीटबेल्टच्या तुलनेत सीट मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी कमी करते. मला दुसरी बाजू जास्त पटते, विशेषतः पोटाच्या आणि कण्याच्या दुखापती लक्षात घेता. तरी महाराष्ट्रातल्या वाचकानं या वादातून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही बाजू बांधलेल्या मुलांची एकमेकांशी तुलना करत होत्या. न बांधलेलं मूल सर्वांत धोक्यात असतं, यावर त्यांच्यात मतभेद नव्हता. आणि आपली बहुतेक मुलं त्या तिसऱ्या रांगेत आहेत.

आता आपला कायदा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९४ब हे कलम आलं आणि ते १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्टनं किंवा मुलांच्या सीटनं बांधलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. म्हणजे बाळाला मांडीवर घेऊन पुण्याहून साताऱ्याला जाणं गेली कितीतरी वर्षं बेकायदा आहे, आणि हे वाक्य वाचून बहुतेकांना आश्चर्य वाटेल. कलमाची शब्दरचना मला सदोष वाटते. 'सीटबेल्ट किंवा सीट' असा पर्याय नऊ महिन्यांच्या बाळाला आणि तेरा वर्षांच्या मुलाला एकाच ओळीत दिला आहे. कोणत्या उंचीला काय, हे कलमात नाही. बाळाला मोठ्यांचा पट्टा गुंडाळला तरी कागदोपत्री चालतं.

अंमलबजावणीचं तर विचारू नये. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले, त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचाच आहे, हे देशाला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना पट्टा बंधनकारक असल्याचं जाहीर केलं. आज मुंबईत किती टॅक्सींच्या मागच्या सीटचे पट्टे कव्हराखालून बाहेर काढलेले दिसतात, ते ज्यानं त्यानं पाहावं. केंद्र सरकारच्याच २०२२ च्या अहवालात सीटबेल्ट न लावल्यानं १६,७१५ माणसं गेल्याची नोंद आहे आणि त्यातली जवळजवळ निम्मी, ८,३३१, चालवणारी नव्हती, शेजारी किंवा मागे बसलेली होती. द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे पुढच्या काचेतून चालकाचा पट्टा टिपतात. मागच्या मांडीवरचं बाळ त्यांना दिसत नाही.

यात एअरबॅगेनं नवा गुंता केला आहे. पुढे बसणाऱ्या प्रवाशासाठी एअरबॅग नव्या मॉडेलांत १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली, आणि ते योग्यच झालं. पण ती फुगते तो वेग मोठ्या, पट्टा लावलेल्या, पाठ टेकून बसलेल्या माणसाला धरून ठरवलेला असतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत धीम्या धडकांत पुढे बसलेली मुलं एअरबॅगेच्या तडाख्यानं दगावू लागली, तेव्हा कुठे सावधगिरीची लेबलं, मुलांना मागे बसवण्याच्या मोहिमा आणि एअरबॅग बंद करायची बटणं आली. आपण तो धडा आयता घेतला नाही. २०२४ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवर पुढे बसलेली लहान मुलगी गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवी मुंबईत वाशीला पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर गेला. केरळच्या परिवहन आयुक्तांनी २०२४ च्या ऑक्टोबरात मुलांच्या सीटची सक्ती करून डिसेंबरपासून दंड करण्याचं जाहीर केलं होतं. परिवहन मंत्र्यांनी थोड्याच दिवसांत, दंड वगैरे काही होणार नाही, म्हणून ते मागे घेतलं. कायदा केंद्राचा, दंड आधीच ठरलेला, तरी अंमल करायला राजकीय धीर होईना. मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगेसमोर कधीही लावू नये आणि बाराएक वर्षांपर्यंत मुलांनी मागेच बसावं, या दोन गोष्टी गाडीच्या सनव्हायझरवर चिकटवलेल्या असतात. तिथे आपण टोलच्या पावत्या खोचतो.

गाड्या मात्र सुधारल्या, हे मान्य केलं पाहिजे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं भारतीय गाड्या आदळून पाहिल्या तेव्हा एकामागून एक शून्य स्टार मिळाले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये भारत एनकॅप जाहीर झालं, १ ऑक्टोबरपासून सुरू झालं आणि त्यात मुलांच्या सुरक्षेला ४९ गुणांची वेगळी पत्रिका आहे. दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे सीटमध्ये बांधून गाडी आदळतात. जाहिरातीत 'मुलांसाठीही पाच स्टार' असं झळकतं. पण ते स्टार कंपनीनं सुचवलेल्या सीटमध्ये बांधलेल्या पुतळ्याला मिळालेले असतात, आणि ती सीट गाडीबरोबर येत नाही. शोरूममध्ये गाडी घेताना मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, डॅशकॅम, गणपतीची मूर्ती यांची यादी समोर ठेवतात. मुलांची सीट त्या यादीत क्वचितच असते. उलट हौसेनं शिवून घेतलेल्या कव्हराखाली आयसोफिक्सच्या कड्या, म्हणजे सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायच्या जागा, गडप होतात. माझ्या मते एनकॅपनं स्टार देताना कंपनीला ती सीट किमान विकत देण्याची तरी अट घालावी.

सीटांच्या मानकांचं थोडक्यात सांगायचं तर आपलं एआयएस ०७२ हे युरोपच्या आर ४४ या जुन्या नियमावर बेतलेलं आहे. तो नियम मुलाच्या वजनावर चालतो. युरोपनं २०१३ पासून आर १२९ आणला. त्यात उंचीवरून निवड, बाजूनं होणाऱ्या धडकेची चाचणी आणि १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड ठेवण्याची सक्ती आहे. सप्टेंबर २०२४ पासून युरोपात आर ४४ च्या सीटांची विक्री बंद झाली. आपल्या बाजारात दोन्ही मिळतात. आर १२९ ची परवडली तर ती घ्यावी, पण जुन्या मानकाची, नीट लावलेली सीटसुद्धा मांडीपेक्षा कितीतरी सरस.

मग घेत का नाहीत? किंमत हे उत्तर अर्धंच खरं आहे. पाच-सात हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत सीटा मिळतात, आणि दहा-बारा लाखांची गाडी घेणाऱ्याला त्या अगदीच आवाक्याबाहेर नाहीत. खरी अडचण जागेची आहे. आपली गाडी चौघांची असते आणि तीत सहा जण बसतात. देवदर्शनाला निघताना आजी, आत्या आणि तिची दोन मुलं यांना जागा हवी. तिथे एका बाळानं अख्खी जागा अडवायची म्हणजे कोणाला तरी घरी ठेवायचं. "एवढ्याशा पोराला आख्खी सीट?" हे वाक्य प्रेमानंच म्हटलं जातं आणि सून गप्प बसते. अमेरिकेत जॉर्डन निकर्सन आणि डेव्हिड सॉलोमन या दोन अभ्यासकांनी २०२० मध्ये एक चक्रावणारा निबंध लिहिला: सीटांच्या वाढत्या सक्तीमुळे तिसरं मूल मागे मावत नाही, म्हणून लोक ते होऊच देत नाहीत. एका वर्षात सीटांनी ५७ मृत्यू टाळले आणि जवळजवळ ८,००० जन्मही, असा त्यांचा अंदाज होता. आपल्याकडे मूल एक-दोनच, त्यामुळे जागेच्या या भांडणात मागे हटावं लागेल ते पाहुण्यांना. दुसरी गाडी करा, दोन खेपा करा, एसटीनं जा. हे सांगायला घरात कोणीतरी वाईट व्हावं लागतं, आणि ते काम आजोबांनी केलं तर सगळ्यांना सोपं जातं.

दुसरी अडचण रडण्याची. सीट आणलेली असते, पहिल्या दोन खेपांना बाळ कोकलतं, आजीच्या जिवाला लागतं, बाळ बाहेर येतं आणि त्याला कळतं की रडल्यावर पट्टे सुटतात. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं सीटमध्ये निमूट बसतात, कारण त्यांनी दुसरं काही पाहिलेलंच नाही. तीच कुटुंबं डिसेंबरात सुट्टीला आली की विमानतळापासून मूल मांडीवर असतं. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या प्रवासापासून सीट वापरणं सोपं. दोन वर्षांच्या मुलाला नव्यानं बसवणं म्हणजे भांडण विकत घेणं. ते भांडण तरीही घ्यावं, आणि घ्यायचं तर गाडी उभी असताना घ्यावं.

लावण्यातल्या चुका सगळीकडे सारख्या असतात. पट्टे इतके सैल की खांद्यावर चिमटीत घडी येते. ती येता कामा नये. महाबळेश्वरला निघताना जाड जॅकेटवरून बांधलेले पट्टे. धडकेत जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो, त्यापेक्षा बांधून झाल्यावर वरून शाल घालावी. तान्ह्याची सीट फार उभी लावली तर मान छातीवर पडून श्वास अडतो, म्हणून ती बऱ्यापैकी कलती हवी आणि घरी आल्यावर झोपलेलं बाळ तसंच सीटमध्ये ठेवू नये.

या सगळ्याला एक मोठी मर्यादा आहे: महाराष्ट्रातली बहुतांश मुलं मोटारीत नाहीतच. ती स्कूटरवर पुढे उभी असतात, आई-बाबांच्या मध्ये दाबलेली असतात, किंवा रिक्षावाल्या काकांच्या रिक्षात दप्तरांसकट कोंबलेली असतात. केंद्रानं फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनं चार वर्षांखालच्या मुलांसाठी दुचाकीवर मोठ्यांशी जोडणारा हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा ठरवली आणि ती २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागूही झाली. तो हार्नेस शाळेच्या फाटकावर फारसा कोणाच्या अंगावर दिसत नाही. कॅबमध्ये तर सीट मिळणंच मुश्कील. ब्रिटननं हा पेच टॅक्सीला सवलत देऊन सोडवला: सीट नसेल तर तीन वर्षांवरच्या मुलानं मागे बसून मोठ्यांचा पट्टा लावायचा. आपल्या कायद्यात अशी पायरी नाही, पण व्यवहारात तीच धरावी लागते. चालवणाऱ्याला आधी मागचे पट्टे वर काढायला सांगायचं, मग मुलाला बसवायचं.

तान्ह्याची सीट जेमतेम सव्वा-दीड वर्ष वापरली जाते, त्यामुळे पाळण्यासारखी ती घराघरांत फिरायला हवी. प्रसूतिगृहांनी आणि बालरोगतज्ज्ञांनी ठेव घेऊन सीट भाड्यानं दिली, तर किंमत आणि 'बाळ मोठं झालं की काय करायचं' हे दोन्ही प्रश्न सुटतील. लसींच्या फाइलमध्ये त्यासाठी एक ओळ वाढली तरी पुष्कळ. वापरलेली सीट घेताना ओळखीतूनच घ्यावी आणि ती कधी अपघातात सापडली होती का हे स्पष्ट विचारावं. सापडली असेल तर दिसायला धड असली तरी घेऊ नये. तळाशी कोरलेली मुदत पाहावी, कारण उन्हात राहून प्लास्टिक ठिसूळ होतं, आणि नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीतल्या सीटला हे जास्तच लागू आहे. मानकाचं लेबल शाबूत हवं, बकल एका दाबात सुटायला हवं, पट्टे उसवलेले नसावेत. मग ती स्वतःच्या गाडीत लावून पाहावी, कारण प्रत्येक सीट प्रत्येक गाडीत नीट बसतेच असं नाही. पट्टा जिथून जातो तिथे हातानं धरून हलवली तर ती बोटभरापेक्षा जास्त सरकता कामा नये.